शेजारासकट

अल्लीपूरच्या दौलतरावांची भाजी ओळखायला बाजारात पाटी लागत नसे. मुळा असा पांढराफेक की गिऱ्हाईक आधी बोट लावून बघायचं. कांद्याच्या पातीला मातीचा कण नाही. मेथीच्या जुडीत पिवळं पान सापडलं तर जुडी फुकट, असं दौलतराव छाती पुढे काढून सांगत, आणि आजवर ती फुकटची जुडी कोणाच्या नशिबी आली नव्हती. बोलायचं काम दौलतरावांचं होतं, करायचं त्यांच्या बायकोचं, वच्छलाबाईंचं, आणि पिंकीचं. पिंकी चार वर्षांची असल्यापासून गोणपाटावर बसून माल साफ करत आली होती. डोळे मिटून गड्डी हातात दिली तरी खराब पान कुठे आहे ते तिची बोटं सांगत.

ही पिंकी आता चोवीस वर्षांची होऊन वर्ध्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसली होती आणि तिच्या हाताखाली मुळ्याऐवजी बकऱ्याची अधिवृक्क ग्रंथी होती.

नाव ऐकून दबून जायचं कारण नाही. मूत्रपिंडाच्या शेजारी चरबीत तोंड खुपसून बसलेली, घेवड्याच्या दाण्यासारखी ही एवढीशी वस्तू. तिला बाहेरून साल आणि आत गर. साल कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक बनवते, ज्याच्या जोरावर जनावर उपास, थंडी, दुखणं सोसतं. गर वेगळं रसायन बनवतो. कुत्रा अंगावर आला की छातीत जी धडधड होते, ती त्याची. सालीने काम किती करायचं याचा हुकूम मेंदूच्या तळाशी बसलेल्या पीयूषिकेकडून रक्तातून येतो. असं पुस्तकात होतं आणि पिंकीला ते पान क्रमांकासकट पाठ होतं.

तिच्या मार्गदर्शक वर्षाली मॅडमचा प्रश्न साधा होता. ग्रंथी बाहेर काढली, बशीतल्या कोमट द्रवात ठेवली, वरचा हुकूम बंद झाला, तर साल स्वतःच्या मनाने किती कॉर्टिसॉल बनवते? आणि त्यात एका रानपाल्याचा रस टाकला तर ते कमी होतं का? या कामावर पिंकीची पीएच.डी.ची नोंदणी व्हायची होती. समिती गुरुवारी अकराला बसणार होती. तिची इथली तात्पुरती नेमणूक मार्चअखेर संपत होती. नोंदणी झाली तर पुढची चार वर्षं इथे. नाही झाली तर पेटी उचलायची आणि अल्लीपूरला परत जायचं. मुळा धुण्यात कमीपणा आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण त्या घेवड्याच्या दाण्यात तिचा जीव गुंतला होता, आणि गुंतलेला जीव सोडवून आणणं कोणाला जमलंय?

आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. पिंकीच्या बशीत काही म्हणजे काही बनत नव्हतं.

गंमत अशी की शेजारच्या टेबलावर प्रेरणाच्या बशीत रग्गड बनत होतं. ही प्रेरणा नाचणगावच्या मोतीलाल किराणावाल्यांची मुलगी. घरात कांदासुद्धा मोजून मापून खाणारी शुद्ध शाकाहारी माणसं. आपली नात बकऱ्याचे अवयव कापते हे तिच्या आजीला, कौशल्याबाईंना, अजून ठाऊक नव्हतं. त्यांना वाटे पोरगी दिवसभर कॉम्प्युटरवर असते. प्रेरणाची नोंदणी मागच्याच वर्षी दुसऱ्या विषयावर झाली होती, या कामात ती नुसती मदतीला होती. तिची पद्धत अशी : श्वास रोखायचा, मान खिडकीकडे वळवायची, अंदाजाने चार काप द्यायचे आणि चरबी, साल, गर जे काय हाती येईल ते बशीत ढकलून हात धुवायला पळायचं.

पिंकीचं काम मात्र बघत राहावं असं. चिमट्याने चरबी सोलायची, रेघसुद्धा ठेवायची नाही. वरचा पातळ पापुद्रा काढायचा. आतला गर चमच्याच्या टोकाने कोरून टाकायचा. मागे उरे ती नुसती साल, स्वच्छ, चकचकीत, एकसारख्या तुकड्यांची. बाहेरगावचे पाहुणे आले की मॅडम त्यांना पिंकीचं टेबल दाखवत.

"दोघींचे आकडे जुळत नाहीत," आठवड्यापूर्वी मॅडम म्हणाल्या होत्या. "प्रेरणा, तुझ्या बशीत रक्त, चरबी, काय काय असतं. तुझाच आकडा चुकत असणार. पिंकीसारखं साफ करायला शीक."

प्रेरणा बिचारी शिकली. पिंकीने तिला शेजारी बसवून चरबी सोलायला शिकवलं, नाकाला रुमाल बांधून, देवाचं नाव घेत. आणि शनिवारी दोघींचे आकडे अगदी जुळले. दोघींच्याही बशीत जवळजवळ शून्य.

"घ्या," प्रेरणा म्हणाली. "आता मलेही तुह्यासारखं छान जमून राह्यलं."

मॅडम हसल्या नाहीत. "पाल्याच्या रसाने काही कमी होतं का ते बघायचंय आपल्याला. कमी व्हायला आधी काहीतरी असायला हवं ना? समितीपुढे ठेवू काय मी?" त्या चिडल्या नव्हत्या, हेच पिंकीला जास्त लागलं. "पिंकी, बुधवारपर्यंत काही हाती आलं नाही तर तुझं नाव या वेळी मागे घ्यावं लागेल."

पिंकी "हो मॅडम, मी प्रयत्न करते" म्हणाली. अगदी शुद्ध, पुस्तकी. प्रयोगशाळेत ती असंच बोलायची. पहिल्या वर्षी एकदा तिच्या तोंडून "मले" निघालं होतं आणि मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं होतं. तेव्हापासून तिने आपली बोलीही मुळ्यासारखी घासून पुसून ठेवली होती. प्रेरणा मात्र बिनधास्त बोलायची. दुकानदाराच्या पोरीला कोण हसणार?

रविवारी ती एस.टी.ने घरी गेली. वच्छलाबाई वांग्याची रोपं वाफ्यातून काढून नव्या सऱ्यांवर लावत होत्या. पिंकीचं तोंड पाहून त्यांनी बाजूला सरून जागा केली. हातात खुरपं दिलं आणि म्हणाल्या, "मी पाण्याचं पाहून येतो. तू तेवढी रोपं काढून ठेव."

पिंकी बसली. हात चालू झाले, डोकं मात्र वर्ध्यातच. चिमटा बदलून पाहू का? बशीतला द्रव खराब आहे का? का आपल्याच हाताला यश नाही? मोटर सुरू करून, मातीचा बांध घालून, पाणी सरीला लावून वच्छलाबाई अर्ध्या तासाने परत आल्या, तेव्हा लेकीने चाळीस रोपं काढून ठेवलेली होती. नुसती काढलेली नाही. बादलीत बुचकळून, मुळं चोळून, माती झटकून, दहादहाच्या चार जुड्या बांधून. मुळं अशी पांढरी, जशी लहान मुलाच्या दातांची ओळ.

वच्छलाबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"अहो!" त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "या, या, पाहा. तुमच्या पोरीनं वांग्याची मुळं बाजारात न्यायले काढली!"

दौलतराव आले, एक जुडी उचलून त्यांनी उन्हाकडे धरली. "माल मात्र एकदम साफ हाय," ते गंभीरपणे म्हणाले, आणि मग दोघं नवरा-बायको जे हसत सुटले की शेताच्या कडेला धुऱ्यावर पडलेली कुत्री उठून बघायला लागली.

पिंकीला आधी राग आला, मग रडू, आणि मग तीही हसायला लागली. "माह्या ध्यानातच नाई राह्यलं, माय. हात आपोआप..."

"असू दे." वच्छलाबाईंनी वाफ्यातलं एक रोप खुरप्याने बुडातून उचललं. मुळाभोवती मातीचा गोळा तसाच होता, काळाभोर, ओला. तो त्यांनी तळहातावर धरला. "बाजारात न्यायचं ते झटकायचं, पोरी. जगवायचं ते मातीसकट न्यायचं. येवढंही इसरली काय तिथं जाऊन?"

पिंकीचं हसू थांबलं.

"काऊन पण?" तिने विचारलं. "त्या सरीतही मातीच हाय. मंग हीच माती काऊन लागते?"

"मले काय माहीत बाप्पा. आजूबाजूचं ओळखीचं असलं की रोपाले वाटत असन, आपण घरीच हाओ. मंग ते कामाले लागते. धुऊन लावलं तर चार दिवस मान टाकून बसते. मरत नाई, पण करतही काही नाई."

मरत नाही, पण करतही काही नाही. पिंकीच्या डोळ्यांपुढे तिच्या बशा आल्या, स्वच्छ, चकचकीत, मान टाकून बसलेल्या. हातातून पाणी गळत होतं तशीच ती उठली. माल साफ करत होतो आपण! बाजाराला न्यायचा असल्यासारखा. ग्रंथी विकायची नव्हती, जगवायची होती.

दुपारच्या जेवणाला ती थांबली नाही. माय पोळ्या फडक्यात बांधेपर्यंत तिने धुऱ्यावरूनच प्रेरणाला फोन लावला.

"प्रेरणा, तुझ्या आधीच्या बशा आठव. चरबी किती होती? गर होता का आत?"

"मी तोंड फिरवून कापत होती यार, मले काय आठवते! जे होतं ते सगळं होतं."

"सगळं होतं ना? बस्स!" पिंकी ओरडली, आणि ती काय ऐकून खूश झाली हे प्रेरणाला कळेना.

सोमवारी सकाळी सातला ती मटणवाल्या गुलाबभाऊंच्या दुकानापुढे डबा घेऊन उभी. गुलाबभाऊ गेले वर्षभर तिच्यासाठी ग्रंथी बाजूला काढून ठेवत, आणि पोरीचा स्वभाव ओळखून वरची चरबीही पुसून ठेवत.

"हात नका लावू, गुलाबभाऊ! चरबीसकट द्या."

गुलाबभाऊंनी सुरी खाली ठेवली. "ताई, काल परवापर्यंत रेघ दिसली तर तोंड वाकडं करत होत्या."

"चुकलं होतं माझं."

"चरबीले कोणी चुकलं म्हणते हे पहिल्यांदाच आयकलं," असं म्हणून त्यांनी बर्फ जरा जास्तच घातला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच हरखून गेल्या असं नाही. शास्त्रातली माणसं लवकर हरखत नाहीत, तो त्यांचा धर्मच. "चरबीसकट आकडा वाढला तर मी म्हणेन, चरबीत आधीच कॉर्टिसॉल मुरलेलं असेल. ते बशीत उतरलं, संपलं. काय उत्तर देशील?"

"चरबी एकटी ठेवून बघू," प्रेरणा मध्येच बोलली. "गरही एकटा ठेवू. त्याईच्या बशीत काही नाई आलं तर?"

"तर मग ऐकेन," मॅडम म्हणाल्या.

मग बशा मांडल्या. एकीत पिंकीची साफ साल. एकीत साल चरबीसकट, एकीत साल गरासकट, एकीत सगळं जिथल्या तिथे. दोन बशांत एकटी चरबी आणि एकटा गर. चार तास कोमट कपाटात. त्या चार तासांत पिंकीने तीन वेळा टेबल पुसलं आणि प्रेरणाने घरून आणलेली अख्खी बाकरवडी एकटीने संपवली. मग द्रव काढून घेणं, किटमधली रसायनं, रंग, यंत्र. संध्याकाळी पाचला यंत्रातून आकडे उमटायला लागले. प्रेरणा मोठ्याने वाचत होती.

"साफ साल : नेहमीचंच, काही नाई. एकटी चरबी : शून्य. एकटा गर : शून्य." ती थांबली.

"पुढे वाच ना!"

"साल चरबीसकट..." प्रेरणाने डोळे चोळले. "पिंके, साफच्या चौपट. गरासकट, पाचपट. आणि सगळं मिळून..." तिने आकडा वाचलाच नाही, खुर्चीवरून उठून पिंकीला मिठी मारली, हातमोज्यांसकट.

मॅडम चष्मा काढून पुन्हा लावत होत्या. "उद्या पुन्हा," एवढंच त्या म्हणाल्या, पण आवाज बदलला होता.

मंगळवारी तसंच आलं. पाल्याच्या रसाने कमी व्हायला आता बशीत काहीतरी होतं. संध्याकाळी मॅडम हातात कागद घेऊन आल्या. रात्रभर जुने शोधनिबंध चाळले होते त्यांनी. गायींच्या ग्रंथींवर परदेशात अशी कामं आधी झालेली होती : गराच्या पेशी सालीला जवळ असल्या की सालीचं काम वाढतं, चरबीही काहीबाही सोडते. "आपण पहिल्या नाही गं," त्या म्हणाल्या. पिंकीचा चेहरा क्षणभर पडला आणि लगेच फुलला. पहिलं नसलं म्हणून काय झालं? चूक तर नव्हतं! आणि बकऱ्याच्या ग्रंथीत चरबी आणि गर मिळून काय करतात हे त्या कागदांत कुठेच नव्हतं.

बुधवारी तिने शेवटची बशी मांडली, ही तिच्या एकटीच्या डोक्यातली. चरबी आणि गर द्रवात काही तास ठेवले, मग दोन्ही काढून फेकले आणि तो नुसता द्रव साफ सालीवर ओतला. सालीला आता शेजारी उरला नव्हता, शेजाऱ्याचा निरोप तेवढा उरला होता. संध्याकाळी सालीने काम केलं. पूर्ण नाही, पण साफच्या तिप्पट. पिंकीने तो आकडा वहीत लिहिला आणि वही छातीशी धरून ती जिन्यात जाऊन बसली. इतका आनंद तिला झेपत नव्हता.

गुरुवारी अकराला समिती बसली. चार खुर्च्या, मधे एक पांढऱ्या मिशांचे पाहुणे परीक्षक, ज्यांनी आयुष्यभर याच ग्रंथीवर काम केलं होतं आणि ज्यांचं पुस्तक पिंकीला पान क्रमांकासकट पाठ होतं. मॅडम भिंतीशी. पिंकीने घासून पुसून तयार केलेली वाक्यं सुरू केली. "प्रस्तुत अभ्यासात असे निदर्शनास आले की..." दहा मिनिटं सगळं गुळगुळीत चाललं. मग मिशांनी हात वर केला.

"थांब. शेवटच्या बशीत चरबी नव्हती, गर नव्हता, वरून हुकूमही नव्हता. साल एकटी. तरी कामाला लागली. का?"

उत्तर तिला येत होतं. पण त्या गुळगुळीत भाषेत ते बसेना. "कारण, त्या द्रवामध्ये... स्थानिक पातळीवर स्रवणारी..." ती अडखळली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळली. मॅडमनी डोळे मिटून घेतले. पिंकीला घशात धडधड जाणवली. तिचा स्वतःचा गर कामाला लागला होता. आणि मग तिच्याने राहवलं नाही.

"शेजारी बोलून राह्यले होते, सर!"

मिशांच्या भुवया वर गेल्या.

"म्हणजे असं पाहा," ती दोन्ही हात हलवत सांगू लागली, "हुकूम वरून येते हे खरं हाय. पण माणूस काय फक्त तहसीलदाराचाच कागद आला म्हणजे उठते? दोन घरं पलीकडून कोणी हाक मारली, तरी उठतेच ना? चरबी हाक मारते, गर हाक मारते, अन् त्या हाका द्रवात उतरतात. मी त्याईले फेकून देत होती. माल साफ करायची सवय हो, सर. बाजाराले न्यायचा असल्यासारखी साफ केली मी ग्रंथी, अन् मंग म्हणत बसली का ही काही करत काऊन नाई. माह्या मायनं सांगतलं, जगवायचं ते मातीसकट न्यायचं..."

आणि इथे तिला कळलं आपण कोणत्या भाषेत बोलतोय. ती खाली बघत उभी राहिली.

मिशांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला.

"कोन्या गावची वं तू?"

पिंकीने मान वर केली. "अल्लीपूर."

"मी समुद्रपूरचा." म्हातारे सर पुढे वाकले. त्यांचे डोळे हसत होते आणि थोडे ओलेही होते. "बाहेरच्यांनी असं केल्याचं वाचलं होतं मी. पण हातानं करून नाई पाह्यलं. तीस वर्षं चरबी फेकत आलो बाप्पा, तीस वर्षं! अन् पोरांले ओरडत आलो, साफ करा, साफ करा." त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि सगळ्यात आधी सही केली. "पुढचं सगळं असंच सांगजो. मले आता समजून राह्यलं."

बाहेर प्रेरणा दाराला कान लावूनच उभी होती. पिंकी आली तशी ती सरळ नाचायलाच लागली. मॅडमनी दोघींना गप्प करायचा प्रयत्न केला आणि मग तो सोडून दिला.

पिंकीने घरी फोन लावला. "माय, झालं! नोंदणी झाली माही!"

पलीकडे वच्छलाबाईंनी दौलतरावांना आधी ओरडून सांगितलं, मग नाक ओढल्याचा आवाज आला. लेकीने सगळं सांगितलं, म्हाताऱ्या सरांचंही.

"येवढ्या मोठ्या मास्तरले नव्हतं माहीत? मले विचारायचं ना पह्यलेच!"

पिंकी हसली. मग तिला एकदम आठवलं. "माय, ती मी धुतलेली रोपं? फेकली?"

"फेकतो कायले? जुन्या वाफ्यातली टोपलंभर माती आणून त्याईच्या बुडाशी घातली. दोन दिवस रुसून होती. आज सकाळी पाह्यलं, चार सोडून सगळ्याईनं मान वर केली." वच्छलाबाईंनी मग लगेच सांगितलं, "तू येजो रविवारी. त्या तुह्या मैत्रिणीले बी आनजो."

"येतो माय," पिंकी म्हणाली. व्हरांड्यात पन्नास पोरं होती, आणि ती चांगली मोठ्याने म्हणाली.